सागरतळाचा यात्रिक : जाक कूस्तो

औरंगपुऱ्यापासून समुद्र कितीतरी दूर. आपली पाण्याशी ओळख पाणचक्कीच्या हौदापुरती, फार तर पैठणच्या नाथसागरापुरती. तरीही आपल्यातले काही जण सुट्टीत मालवण-तारकर्लीला जातात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात आणि परतल्यावर महिनाभर त्याच गोष्टी सांगतात. ही टाकी ज्यांच्यामुळे सामान्य माणसाच्या पाठीवर आली, त्या जाक-ईव्ह कूस्तो यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय.

कूस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दोजवळच्या एका लहानशा गावी झाला. १९३० साली ते नौदलाच्या विद्यालयात दाखल झाले. मनात मात्र वैमानिक होण्याची आकांक्षा होती. पुढे मोटार अपघातात त्यांचे दोन्ही हात जायबंदी झाले आणि ती आकांक्षा तिथेच संपली. हातांत बळ यावे म्हणून ते तूलाँच्या किनाऱ्यावर पोहू लागले. फिलिप तायये या सहकाऱ्याने त्यांना पाण्यात वापरायचा चष्मा दिला. तो लावून त्यांनी पाण्याखाली पाहिले, आणि आकाशाचे वेड समुद्राच्या वेडात बदलले.

त्या काळी पाणबुड्या म्हणजे धातूचे शिरस्त्राण घातलेला, बोटीवरून येणाऱ्या हवेच्या नळीला बांधलेला माणूस. नळी जेवढी लांब, तेवढेच त्याचे जग. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४३ साली, कूस्तो आणि एमिल गान्यां या अभियंत्याने यावर तोड काढली. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी गॅसवर चालविण्यासाठी गान्यांनी एक झडप तयार केली होती. तिच्यात फेरफार करून त्यांनी असे यंत्र बनविले की, पाणबुड्याने श्वास ओढला की भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा आपोआप तोंडात यावी. नळी सुटली, माणूस माशासारखा मोकळा झाला.

या मोकळेपणातूनच प्रवाहाबरोबर वाहत जाण्याचे पाणबुडीचे तंत्र शक्य झाले. प्रवाहाविरुद्ध झगडणारा पाणबुड्या लवकर दमतो आणि हवाही लवकर संपवितो. म्हणून तो प्रवाहाच्या स्वाधीन होतो. बोट नांगर न टाकता त्याच्या खुणेच्या तरंडाचा माग काढीत राहते. परंतु वारा फिरला, लाटा उसळल्या, पावसाची सर आली, की तरंडा दिसेनासा होतो. पूर्वीची नळी बंधन होती, तशीच ती बोटीशी असलेली नाळही होती. ती तुटल्यावर उरतो तो फक्त बोटीवरच्या सोबत्यांवरचा विश्वास.

या स्वातंत्र्याची किंमत कूस्तोंना लवकरच कळली. १९४६ मध्ये व्होक्ल्यूझच्या खोल झऱ्यात ते आणि फ्रेदेरिक द्यूमा मरता मरता वाचले. टाकीत हवा भरताना यंत्राचा विषारी धूर तिच्यात मिसळला होता. १९४७ मध्ये तर मोरिस फार्ग हा त्यांचा सहकारी सुमारे १२० मीटर खोलीवर प्राणास मुकला. फार खोलवर साध्या हवेतला नायट्रोजनच माणसाची शुद्ध हरवितो, हे त्या मृत्यूने प्रकर्षाने दाखविले.

१९५० साली गिनेस नावाच्या एका धनिकाने जुनी सुरुंगशोधक बोट विकत घेऊन कूस्तोंना वर्षाला अवघ्या एका फ्रँकच्या नाममात्र भाड्याने दिली. हीच ती प्रसिद्ध ‘कॅलिप्सो’. तिच्यावरून केलेल्या सफरींचा चित्रपट १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. पण त्याच चित्रपटात माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळावर सुरुंग उडविलेला आणि शार्कांची कत्तल केलेली दिसते. आज ती दृश्ये पाहवत नाहीत. चरित्रनायकाचा हा दोष झाकण्याचे कारण नाही, कारण पुढचे कूस्तो त्यापेक्षा वेगळे झाले. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सर्गी कचरा टाकण्याच्या बेताविरुद्ध ते उभे राहिले आणि तो बेत मागे घ्यावा लागला. ज्या समुद्रात ते शिकारी म्हणून उतरले होते, त्याचेच ते कैवारी झाले.

उतारवयात दुःखेही आली. १९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप विमान अपघातात गेला, १९९० मध्ये पत्नी सिमोन गेल्या. १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका गाधबोटीची धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाली. २५ जून १९९७ रोजी पॅरिसमध्ये कूस्तोंनी डोळे मिटले.

वैमानिक व्हायला निघालेला हा तरुण अपघाताने किनाऱ्यावर आला आणि तिथून एका अथांग जगात शिरला. आपणही परीक्षेतील एखाद्या अपयशाने, हुकलेल्या प्रवेशाने खचून जातो. जिकडे जायचे होते तिकडची वाट बंद झाली, तर आयुष्याचा प्रवाह जिकडे नेतो तिकडे डोळे उघडे ठेवून जावे, आणि तिथे आपल्या हातून चूक झाली तर ती सुधारण्याइतके मोठे मन ठेवावे, एवढे तरी या सागरयात्रिकाकडून आपण शिकू या.