एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग

हातांत मावणाऱ्या रेडिओयंत्राचा पल्ला वाढवून नवनव्या लहरी पकडण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु ती हौस ज्या युक्तीच्या पायावर उभी आहे, तिच्या जनकाचें चरित्र थोड्यांसच ठाऊक असतें. तें येथें संक्षेपानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजीं न्यूयॉर्क येथें झाला. लहानपणीं याँकर्स येथील घराच्या माळ्यावर त्याचे बिनतारी प्रयोग चालत. पहिल्या महायुद्धांत तो अमेरिकन सैन्याबरोबर फ्रान्समध्यें होता. फार उच्च कंपनसंख्येच्या लहरी त्या वेळच्या निर्वात नळ्यांस नीट वाढवितां येत नसत. १९१८ सालीं त्यानें तोड काढिली. यंत्रांतच दुसरी लहर उत्पन्न करून ती आलेल्या लहरींत मिसळावी, म्हणजे दोहोंच्या कंपनसंख्यांतील अंतराइतकी मंद लहर मिळते, व ती सहज वाढवितां येते. १९२१ च्या डिसेंबरांत अमेरिकन हौशी मंडळींचे संदेश स्कॉटलंडांत अशाच यंत्रावर ऐकूं आले.

१९३३ सालीं त्यास खरखर टाळणाऱ्या एफ्. एम्. पद्धतीचीं पेटंटें मिळालीं. पण १९४५ सालीं सरकारी आयोगानें त्या पद्धतीचा पट्टा ८८ ते १०८ मेगॅसायकलवर नेला. जुन्या यंत्रांचा पल्ला तेथवर पोंचेना. तीं निरुपयोगी झालीं. पेटंटांच्या खटल्यांनीं खचून १९५४ च्या जानेवारीअखेर त्यानें आपल्या जीविताचा अंत केला. पत्नी मॅरियन हिनें मात्र ते खटले नेटानें लढविले. अखेरचा निकाल १९६७ सालीं तिच्या बाजूनें लागला.

न्याय मिळाला, परंतु तो ऐकावयास आर्मस्ट्राँग उरला नव्हता, ह्याची आम्हांस हळहळ वाटते.