दिमित्री मेंडेलीव्ह

सायबेरियातील तोबोल्स्क या गावी ८ फेब्रुवारी १८३४ रोजी दिमित्री मेंडेलीव्ह यांचा जन्म झाला. अनेक भावंडांत दिमित्री हा शेंडेफळ. वडील तेथील शाळेचे मुख्याध्यापक होते. परंतु दिमित्रीच्या जन्माच्या सुमारास त्यांची दृष्टी गेली व नोकरीही सुटली. तेव्हा संसाराचा भार आई मारिया हिने उचलला. जवळच्या खेड्यात तिच्या माहेरचा काचेचा कारखाना होता. तो ती चालवू लागली. १८४७ साली पती वारले आणि पुढल्याच वर्षी कारखाना जळून खाक झाला.

मारियाने उरलासुरला पैसा गोळा केला आणि दिमित्री व त्याची बहीण यांना घेऊन ती मॉस्कोस निघाली. त्या प्रदेशात तेव्हा आगगाडी नव्हती. सुमारे २००० किलोमीटरांचा तो प्रवास मायलेकरांनी घोड्यांच्या गाडीतून केला. एवढे करून मॉस्कोच्या विद्यापीठाने दिमित्रीला प्रवेश नाकारला! मारिया सेंट पीटर्सबर्गला गेली. तेथे ज्या अध्यापन संस्थेत वडील शिकले होते, तिच्यात १८५० साली मुलाला प्रवेश मिळाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती माउली निवर्तली.

पुढे मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना त्यांना एक अडचण पडली. त्या काळी ६३ मूलद्रव्ये ज्ञात होती. ती कोणत्या क्रमाने सांगावीत? अणुभारांच्या चढत्या क्रमाने ती मांडली असता सारख्या गुणधर्मांची मूलद्रव्ये ठराविक अंतराने पुन्हा येतात, असे त्यांना आढळले. लिथियमसारखे सोडियम आणि सोडियमसारखे पोटॅशियम. १८६९ साली त्यांनी आपली आवर्तसारणी प्रसिद्ध केली.

अशी मांडणी करण्याचा प्रयत्न इतरांनीही केला होता. पण मेंडेलीव्ह यांचे धाडस निराळे होते. योग्य मूलद्रव्य सापडेना, तेथे त्यांनी ओढूनताणून दुसरे बसविले नाही. ती जागा रिकामी ठेवली. इतकेच नव्हे, तर १८७१ साली अशा तीन अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्मही सांगून टाकले. त्यांना नावे देताना त्यांनी आपल्या संस्कृतातील ‘एक’ हा शब्द योजला. ॲल्युमिनियमच्या खालचे पहिले घर ते एक-ॲल्युमिनियम. तसेच एक-बोरॉन आणि एक-सिलिकॉन.

१८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्राँ यांना गॅलियम हा नवा धातू सापडला. तोच एक-ॲल्युमिनियम, असे मेंडेलीव्ह यांनी ओळखले. परंतु फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याची घनता ४.७ भरल्याचे सांगितले होते. मेंडेलीव्ह यांच्या हिशेबाने ती सुमारे ५.९ असावयास हवी होती. जो धातू त्यांनी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, तो पुन्हा शुद्ध करून मोजावा, असे त्यांनी कळविले. तसे करताच घनता ५.९ भरली! पुढे १८७९ साली स्कँडियम व १८८६ साली जर्मेनियम सापडले आणि उरलेली दोन घरेही भरली.

१८९० साली विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे शिक्षणमंत्र्यांकडे नेल्यावरून त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. नंतर ते सरकारी वजनमापे खात्याचे प्रमुख होते. २ फेब्रुवारी १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. १९५५ साली अमेरिकेत तयार झालेल्या १०१ व्या मूलद्रव्याला मेंडेलेव्हियम असे नाव देण्यात आले.