चुकणाऱ्या यंत्रांकडून बरोबर उत्तर कसं काढायचं? वॉन न्यूमनने हिशोब मांडला होता

आज कॉम्प्युटरने उत्तर दिलं की आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. 1940 च्या दशकात अशी चैन नव्हती. अमेरिकेचा एनिॲक घ्या. सुमारे 18,000 व्हॅक्यूम ट्यूब, आणि दर दोनेक दिवसांनी त्यातली एखादी उडायची. ट्यूब उडाली की गणित गंडलं.

अशा यंत्रांवर भरवसा कसा ठेवायचा, या प्रश्नाच्या मागे जॉन वॉन न्यूमन लागला.

जन्म 1903 चा, बुडापेस्टचा. वडील बँकर. सहाव्या वर्षी आठ आकडी संख्यांचे भागाकार तोंडी करायचा, असं सांगतात. पण नुसत्या गणितावर पोट भरत नाही, असं वडिलांचं मत. मग पठ्ठ्याने झुरिकची केमिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि बुडापेस्टची गणितातली डॉक्टरेट, दोन्ही 1926 मध्येच उरकलं. पुढे प्रिन्स्टन, अणुबॉम्ब, गेम थिअरी... यादी मोठी आहे, त्यावर वेगळा लेख होईल.

1944 मध्ये ॲबर्डीनच्या रेल्वे प्लॅटफॉर्मवर हर्मन गोल्डस्टाइन भेटले आणि त्यांच्याकडून बांधकाम चालू असलेल्या एनिॲकची खबर लागली. त्यानंतर वॉन न्यूमन कॉम्प्युटरचाच झाला. प्रिन्स्टनला स्वतःचं यंत्र उभारलं. तिथेही त्याच नाजूक ट्यूब.

जानेवारी 1952 मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये व्याख्यानं दिली. मुद्दा असा, की भाग चुकणारच, हे आधीच धरून चाला. एकच हिशोब तीन यंत्रांना द्या आणि दोघांचं जुळेल ते उत्तर घ्या. एक यंत्र 100 वेळा 1 दा चुकत असेल, तर तिघांतली किमान दोन एकाच वेळी चुकण्याची शक्यता उरते 10,000 मध्ये जेमतेम 3.

सोपं वाटतं ना? पण मतं मोजणारा भागच बिघडला तर?

खरी गंमत इथे आहे. वॉन न्यूमनने मत मोजणारा भागही चुकतो असंच धरलं. एका तारेऐवजी तारांचा जुडगा वापरायचा आणि वाटेत पुन्हापुन्हा बहुमताकडे ओढून चुका साफ करत राहायच्या. त्याच्या हिशोबात भाग 200 वेळा 1 दा चुकत असेल, तर हजार तारांचा जुडगाही पुरत नव्हता, दहा-वीस हजार घेतल्या की मात्र चूक जवळपास नाहीशी व्हायची. आणि भाग एका मर्यादेपेक्षा जास्त चुकत असेल, तर कितीही तारा जोडा, उपयोग शून्य.

एक गोष्ट मात्र या हिशोबात नव्हती, ती म्हणजे दुतोंडीपणा. बिघडलेला कॉम्प्युटर एकाला हो आणि दुसऱ्याला नाही सांगू लागला तर? 1980 मध्ये पीझ, शोस्टाक आणि लॅमपोर्ट या तिघांनी सिद्ध केलं, की निरोपावर खोटी न करता येणारी सही नसेल, तर असा एक दुतोंडी सांभाळायला तीन कॉम्प्युटर पुरत नाहीत, चार लागतात. हे काम विमानातल्या कॉम्प्युटरच्या निमित्ताने झालं. वॉन न्यूमन तेव्हा हयात नव्हता.

1955 मध्ये त्याला कॅन्सर झाल्याचं कळलं. कॅलटेकची व्याख्यानं 1956 मध्ये छापून आली, तेव्हा तो वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड हॉस्पिटलमध्ये होता. लष्करी गुपितं बोलून जाईल म्हणून भोवती पहारा. मरणापेक्षा डोकं चालेनासं होण्याची भीती जास्त, निदान जवळच्यांना तरी तसं वाटत होतं. एकदा त्याने मुलगी मरीनाला सोपी गणितं घालायला सांगितली. 7 अधिक 4, अशी. काही मिनिटांतच तिला ते सोसेना आणि ती खोलीबाहेर निघून गेली.

8 फेब्रुवारी 1957 ला तो गेला, वय 53. मेंदू आणि कॉम्प्युटर यांची तुलना करणारी व्याख्यानं त्याला येल विद्यापीठात द्यायची होती. ती लिहून पूर्ण झालीच नाहीत. होती तेवढी पानं 1958 मध्ये पुस्तक म्हणून छापली गेली.