शांता आपटे

पाठपरिचय

आज चित्रपटातील गीत एक जण गातो आणि पडद्यावर दुसराच ते म्हणताना दिसतो. बोलपटाच्या आरंभीच्या काळात मात्र तसे नव्हते. अभिनय करणाऱ्यालाच गावे लागे. अशा गायक-नटांच्या पिढीत शांता आपटे हे नाव फार गाजले. गाणे गाताना स्तब्ध उभे राहण्याची रीत त्यांनी मोडली. अन्यायापुढे मान न तुकवणारी तरुणी त्यांनी पडद्यावर उभी केली. कलावंत हा श्रम करणारा माणूस आहे आणि त्यालाही हक्क आहेत, हे त्यांनी प्रत्यक्ष आयुष्यात ठामपणे मांडले. प्रस्तुत पाठात त्यांच्या जीवनाचा व कार्याचा परिचय करून दिला आहे.

१. बालपण आणि संगीताचे शिक्षण

शांता आपटे यांचा जन्म 1916 साली दुधनी येथे झाला. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यातले हे गाव मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या सीमेवर वसलेले आहे. घरी गाण्याची आवड होती. मुलीचा गळा गोड आहे, हे लहानपणीच सर्वांच्या ध्यानात आले. पंढरपूरच्या महाराष्ट्र संगीत विद्यालयात त्यांचे संगीताचे शिक्षण झाले. थोरले बंधू बाबूराव आपटे यांनी बहिणीच्या गुणांची पारख केली आणि पुढे तिच्या कलाजीवनाला दिशा देण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

त्या काळी प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या घरातील मुलीने लोकांसमोर गाणे ही सहज स्वीकारली जाणारी गोष्ट नव्हती. 1913 साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका साळुंके या पुरुषाने केली. मराठी संगीत रंगभूमीवरही स्त्रीभूमिका पुरुषच करीत असत. 1931 साली भारतीय चित्रपट बोलू लागला. 1932 साली प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात दुर्गा खोटे यांनी तारामतीची भूमिका केली आणि सुशिक्षित घरांतील स्त्रियांसाठी ही वाट थोडी मोकळी झाली. त्याच वर्षी भालजी पेंढारकर यांच्या ‘श्यामसुंदर’ या बोलपटात शांताबाई राधेच्या भूमिकेत प्रथम पडद्यावर आल्या. तेव्हा त्या जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या.

२. गाण्याला आलेली गती

बोलपटाचे आरंभीचे तंत्र कलावंतांची कठोर परीक्षा पाहणारे होते. चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण एकाच वेळी होत असे. वादक कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसत. ध्वनिग्राहक नटाच्या जवळ, पण प्रेक्षकांना दिसणार नाही असा ठेवलेला असे. गाताना एखादा सूर ढळला, शब्द चुकला किंवा वादकाचा ठेका हुकला, तर सारे दृश्य पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. आवाज ध्वनिग्राहकापासून दूर जाऊ नये म्हणून बहुतेक गायक-नट एका जागी उभे राहून, अंग फारसे न हलवता गात. त्यामुळे गाणे सुरू झाले की कथा थांबल्यासारखी वाटे.

1933 साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली. पुण्यात काढलेल्या ‘अमृतमंथन’ या 1934 सालच्या चित्रपटात शांताबाईंनी नायकाच्या बहिणीची भूमिका केली. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे. हा चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. शांताबाईंनी त्यातील गाणी केवळ सुरेल गायली नाहीत. ती त्यांनी अभिनयाने जिवंत केली. गाताना त्यांचे डोळे बोलत, हात हलत, मान डोलत असे. गाणे हे पात्राच्या मनातूनच उमटले आहे असे प्रेक्षकाला वाटे. मराठी चित्रपटातील गाण्याला आलेला हा मोकळेपणा नवा होता. ‘अमृतमंथन’च्या हिंदी आवृत्तीतील त्यांची गझल मराठी मुलखाबाहेरही लोकप्रिय झाली.

चित्रपट पाहून प्रेक्षक घरी जात असे, परंतु गाणे ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने त्याच्या मागोमाग घरापर्यंत येई. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. ज्यांच्याकडे ग्रामोफोन नव्हता, ते शेजाऱ्याच्या घरी किंवा उपाहारगृहात ते ऐकत. अशा रीतीने एका तरुण गायिकेचा आवाज तिला कधीही न पाहिलेल्या माणसांच्या ओळखीचा झाला. 1936 सालच्या ‘अमरज्योती’ या चित्रपटात दुर्गा खोटे यांच्यासमवेत त्यांनी काम केले आणि त्यांची गणना आघाडीच्या कलावंतांत होऊ लागली.

३. ‘कुंकू’मधील नीरा

शांताबाईंच्या कलाजीवनाचा कळस म्हणजे 1937 सालचा ‘कुंकू’ हा चित्रपट. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला.

नीरा ही मामाच्या आश्रयाने वाढलेली पोरकी मुलगी. तिची फसवणूक करून तिचे लग्न एका वृद्ध विधुराशी लावून दिले जाते. वृद्धाशी कोवळ्या मुलीचे लग्न होणे ही त्या काळी डोळ्यांआड करण्याजोगी गोष्ट समजली जाई. मुलीने नशिबाला दोष देत संसार करावा, अशीच अपेक्षा असे. नीरा मात्र हे लग्न मनाने मान्य करीत नाही. ती पळून जात नाही, रडत बसत नाही. त्याच घरात राहून ती आपला नकार ठामपणे टिकवून धरते. अखेरीस केशवराव दाते यांनी रंगवलेल्या त्या वृद्ध पतीलाच आपल्या हातून घडलेल्या अन्यायाची जाणीव होते.

या भूमिकेत शांताबाईंनी राग, खोडकरपणा, दुःख आणि करारीपणा या सर्व छटा प्रकट केल्या. या चित्रपटात त्यांनी हेन्री लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविताही गायली. केशवराव भोळे यांनी तिला चाल दिली होती. जीवन हे स्वप्न नाही, ते जिद्दीने जगावे, असा त्या कवितेचा आशय आहे. इंग्रजी कविता चित्रपटात गाणारी ही नायिका पाहून सुशिक्षित प्रेक्षक चकित झाला. इंग्रजी न जाणणाऱ्यालाही तिच्या स्वरातील निर्धार समजला. ‘कुंकू’ने अनेक घरांत जरठ-कुमारी विवाहाची चर्चा घडवून आणली. 1938 सालच्या ‘गोपालकृष्ण’ या चित्रपटात शांताबाई पुन्हा राधेच्या भूमिकेत दिसल्या.

४. कंपनीच्या दाराशी उपोषण

कीर्तीच्या या शिखरावर असताना शांताबाईंच्या आयुष्यात एक वेगळेच प्रकरण घडले. त्या काळातील चित्रपट कंपन्या कलावंतांना मासिक वेतनावर, लेखी कराराने बांधून ठेवीत. नटाने ठरलेल्या वेळी हजर राहावे, कंपनी देईल ते काम करावे आणि परवानगीवाचून अन्यत्र काम करू नये, असा शिरस्ता होता. या पद्धतीमुळे कंपनीत शिस्त आली आणि उत्तम चित्रपट निर्माण झाले, हे खरे. तथापि, ज्याच्या नावावर प्रेक्षक गर्दी करीत, त्या कलावंताच्या हाती स्वतःच्या कामाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार फारसा उरत नसे.

करार व वेतन यांवरून शांताबाई आणि प्रभात कंपनी यांच्यात मतभेद झाले. जुलै 1939 मध्ये त्यांनी कंपनीच्या प्रवेशद्वारापाशीच उपोषणास प्रारंभ केला. उपोषण हे शस्त्र तेव्हा सर्वांच्या परिचयाचे होते. त्याच वर्षी मार्च महिन्यात महात्मा गांधींनी राजकोट येथे उपोषण केले होते. परंतु एका लोकप्रिय अभिनेत्रीने स्वतःच्या व्यावसायिक हक्कांसाठी ते वापरावे, ही घटना अपूर्व होती. वृत्तपत्रांतून या बातमीची मोठी चर्चा झाली. कोणी हा हट्ट मानला, तर कोणी त्यांच्या धैर्याचे कौतुक केले. शेवटी उपोषण सुटले आणि शांताबाई प्रभातच्या करारातून मोकळ्या झाल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांच्या आसपास होते.

या प्रसंगाचे महत्त्व कोण जिंकले, कोण हरले यात नाही. प्रभातचे ऋण शांताबाईंवर होते आणि शांताबाईंच्या स्वराचे ऋण प्रभातवर होते. परंतु कौतुक आणि हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शांताबाईंनी ओळखले होते. पडद्यावरची नीरा घरातील अन्यायाला नकार देत होती. शांताबाईंनी तोच नकार आपल्या कामाच्या ठिकाणी दिला. ज्या आवारात हे घडले, तेथे 1960 पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी आहे.

५. ‘जाऊ मी सिनेमात?’

पुढच्याच वर्षी, 1940 साली, शांताबाईंचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हा प्रश्न त्या काळातील असंख्य तरुण-तरुणींच्या मनात होता. एखाद्या प्रसिद्ध अभिनेत्रीने पुस्तक लिहावे म्हणजे त्यात आपल्या यशाच्या गोड आठवणी सांगाव्यात, अशी वाचकांची अपेक्षा असणार. शांताबाईंनी तसे केले नाही. चित्रपट हा एक धंदा आहे, त्यात पैसा गुंतवणारा आणि राबणारा असे दोन पक्ष असतात, राबणाऱ्याचे शरीर थकते, त्याच्या श्रमावर दुसऱ्याचा नफा उभा राहतो, हे त्यांनी वाचकांपुढे स्पष्टपणे मांडले. झगमगाटाला भुलून या व्यवसायात येऊ पाहणाऱ्याने आधी त्याचे खरे स्वरूप जाणून घ्यावे, ही तळमळ त्यामागे होती. चित्रपट कलावंताने स्वतःच्या व्यवसायाची इतकी परखड चिकित्सा करणे त्या काळी दुर्मीळ होते.

६. अन्य प्रांतांत आणि अन्य भाषांत

प्रभात सोडल्यावर शांताबाईंनी आपली वाट स्वतः आखली. 1941 साली ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात त्यांनी नायिकेची भूमिका केली. त्यासाठी त्यांनी परिश्रमपूर्वक तमिळ भाषेचा अभ्यास केला. याच चित्रपटात थोर गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी नारदाची भूमिका केली होती. दोन प्रांतांतील दोन श्रेष्ठ गायिका अशा एकाच पडद्यावर आल्या. 1942 साली लाहोर येथे निघालेल्या ‘जमीनदार’ या हिंदी चित्रपटात त्यांनी संगीतकार गुलाम हैदर यांची गाणी गायली. मास्टर विनायक यांच्या 1946 सालच्या ‘सुभद्रा’ या चित्रपटात त्यांच्यासमवेत एका तरुण मुलीनेही आवाज दिला. तिचे नाव लता मंगेशकर.

या सुमारास काळ बदलत होता. 1935 पासून पार्श्वगायनाचे तंत्र रुजू लागले होते. गाणारा वेगळा आणि दिसणारा वेगळा, अशी विभागणी झाली. गाणाऱ्या नटांची गरज हळूहळू कमी होत गेली. 1950 नंतरही शांताबाई चित्रपटांत काम करीत होत्या, परंतु पूर्वीसारख्या मोठ्या भूमिका त्यांच्या वाट्याला क्वचित आल्या. दीर्घ आजारानंतर 24 फेब्रुवारी 1964 रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांना पन्नाशीही गाठता आली नाही.

७. उपसंहार

लोकप्रियता अनेकांना लाभते आणि ओसरतेही. शांताबाईंचे वेगळेपण असे की, लोकप्रियतेच्या भरातही त्यांनी आपल्या श्रमाचे मोल विसरू दिले नाही. त्यांनी गाण्याला हालचाल दिली, नायिकेला वाणी दिली आणि कलावंताला स्वत्वाची जाणीव दिली. काम शेतातले असो, कारखान्यातले असो वा रंगमंचावरचे, ते करणाऱ्याला सन्मानाने वागवले गेले पाहिजे. शांताबाईंच्या जीवनातून हाच विचार आपल्या मनावर ठसतो.

शब्दार्थ

ध्वनिग्राहक – आवाज टिपणारे यंत्र, मायक्रोफोन
शिरस्ता – रूढ पद्धत
जरठ-कुमारी विवाह – वृद्ध पुरुष व लहान वयाची मुलगी यांचा विवाह
अपूर्व – पूर्वी कधी न घडलेले
परखड – स्पष्ट, भीड न बाळगणारे
स्वत्व – आपलेपणाची, स्वाभिमानाची जाणीव

स्वाध्याय

1. बोलपटाच्या आरंभीच्या काळात गायक-नट एका जागी उभे राहून का गात असत?
2. ‘कुंकू’मधील नीरा आणि प्रत्यक्ष जीवनातील शांताबाई यांच्यात कोणते साम्य दिसते?
3. ‘कौतुक आणि हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
4. तुम्ही करीत असलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या एखाद्या कामात माणसाचा सन्मान कशामुळे राखला जातो, याविषयी आठ-दहा वाक्ये लिहा.