सबुरीचा सुधारक

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरूड नावाचे गाव आहे. नारळी-पोफळीच्या बागा, कौलारू घरे आणि दुर्गादेवीचे देऊळ यांनी ते शोभिवंत झाले आहे. धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावी गेले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली येथे झाला. घरची स्थिती बेताची होती; परंतु आईवडील स्वाभिमानी होते. कोणापुढे हात पसरावयाचा नाही, हा धडा धोंडोपंतांना घरातच मिळाला.

मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजी नावाचे तळमळीचे शिक्षक होते. त्यांच्यामुळे गावात वर्तमानपत्र येऊ लागले. धोंडोपंत देवळात बसून ते गावकऱ्यांना वाचून दाखवीत. मुंबई-पुण्याकडे विधवांच्या पुनर्विवाहाविषयी जो वाद चालला होता, तो अशा रीतीने या मुलाच्या कानी आला.

वयाच्या सतराव्या वर्षी एका परीक्षेसाठी ते सोबत्यांसह साताऱ्यास निघाले. सातारा तेथून शंभर मैलांहून अधिक दूर! भर पावसात, सह्याद्रीचा घाट चढून ते पायी तेथे पोहोचले. धोंडोपंत अंगाने किरकोळ होते. परीक्षकांना त्यांचे वय फारच लहान वाटले. जवळच्या दाखल्यावरील वय खरे असूनही परीक्षकांनी दाखल्यापेक्षा आपल्या डोळ्यांवरच भरवसा ठेवला आणि त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. धोंडोपंत निमूटपणे परत फिरले. पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या केंद्रातून ते ती परीक्षा उत्तीर्ण झाले. मनात एकदा बसलेली समजूत कागदाच्या पुराव्याने हलत नाही, याचा अनुभव त्यांना असा लहानपणीच आला.

पुढे मुंबईस शिकवण्या करून, काटकसरीने राहून, ते १८८४ साली बी. ए. झाले. चार पैसे हाती येताच त्यांना गावाची आठवण झाली. १८८६ साली त्यांनी मुरूडच्या हितासाठी ‘मुरूड फंड’ काढला. गावाला आपल्या या मुलाचा मोठा अभिमान वाटू लागला.

१८९१ साली धोंडोपंतांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. त्या काळी विधुराने दहाबारा वर्षांच्या मुलीशी लग्न केले तर त्यात कोणाला वावगे वाटत नसे. विधवेच्या वाट्याला मात्र केशवपन, एकवेळचे जेवण आणि जन्मभराची उपेक्षा येई. लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा धोंडोपंतांनी निश्चय केला.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन थोड्याच महिन्यांत विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात ती शिकत होती. मुलीची वर्षानुवर्षांची दशा वडिलांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी या विवाहास संमती दिली. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई कर्वे झाल्या.

ही वार्ता मुरूडला पोहोचताच गाव खवळले. गावकऱ्यांची सभा भरली व कर्व्यांवर बहिष्कार घालण्यात आला. ते गावी आले आणि घरी राहिले, तर त्यांच्या थोरल्या भावावर व आईवरही बहिष्कार पडणार होता. ज्या गावासाठी त्यांनी पै पै जमविली, त्याच गावात आपल्या माणसांच्या पंक्तीस बसणे त्यांना दुरापास्त झाले. म्हाताऱ्या आईची यात फार ओढाताण झाली. एका बाजूस पोटचा मुलगा, दुसऱ्या बाजूस जन्मभर पाळलेला आचार!

मुरूडची माणसे दुष्ट होती काय? तसे नव्हते. अडीअडचणीला ती एकमेकांच्या उपयोगी पडत. परंतु आजीपणजीपासून त्यांनी एकच रीत पाहिली होती. रीत मोडणाऱ्याला जातगंगा टाकते, त्याच्या मुलामुलींची लग्ने अडतात, हेही त्यांनी पाहिले होते. त्यांचे मत त्यांच्या जगण्यातून आणि भीतीतून तयार झाले होते. शास्त्राधाराच्या वादाने ते बदलेल, हे संभवत नव्हते.

धोंडोपंतांनी गावाला शिव्याशाप दिले नाहीत. मात्र या अनुभवाने त्यांच्या विचारांना नवे वळण लागले. १८९३ साली त्यांनी विधवाविवाहास उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली होती. पण विवाहास तयार होणारी माणसे थोडी, आणि दुःखात खितपत पडलेल्या स्त्रिया असंख्य. विधवा शिकून आपल्या पायावर उभी राहिली, तर लोकांना तिचे कर्तृत्व प्रत्यक्ष दिसेल आणि मग त्यांचे मन आपोआप पालटेल, असे त्यांना वाटू लागले. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेगची साथ आल्यावर तो जवळच्या हिंगणे गावी, माळावरील झोपडीत गेला. महाविद्यालयातील काम संपले की अण्णासाहेब चिखल तुडवीत रोज हिंगण्यास चालत जात.

लोकांनी मुलींना पाठवावे म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले. सनातनी तर रुष्ट होतेच. आता काही सुधारकही नाराज झाले. दोन्ही बाजूंचे बोल अण्णांनी शांतपणे सोसले.

आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. आश्रमात आल्या तेव्हा त्या जुना आचार निष्ठेने पाळीत, केशवपनही करीत. कोणी त्यांच्यावर सक्ती केली नाही. आश्रमासाठी वर्गणी जमविताना त्या गावोगाव हिंडल्या, व्याख्याने देऊ लागल्या, जग पाहू लागल्या. कित्येक वर्षांनी त्यांनी आपण होऊन केशवपन सोडले. अण्णांनी ज्या परिवर्तनाची वाट पाहिली होती, ते असे त्यांच्या घरातच घडले.

१९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपयांची देणगी दिली. हजारो मुली शिकून बाहेर पडल्या. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी संस्था चालवू लागल्या. त्यांना पाहून पुढच्या पिढीतील आईबापांना मुलीचे शिक्षण ही साधी गोष्ट वाटू लागली.

अण्णाही जुन्या चाकोरीतून एकदम सुटले नव्हते. त्यांचा आश्रम पुष्कळ वर्षे वरच्या जातींतील विधवांपुरताच राहिला. ज्या समाजात ते वाढले, त्याच्या मर्यादा त्यांच्या कामालाही पडल्या होत्या. परंतु आपले काही शिकावयाचे राहिले आहे, हे मान्य करण्यास त्यांना वय आड आले नाही. १९३६ साली त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, माणसामाणसांतील भेद दूर करण्यासाठी ‘समता संघ’ स्थापन केला.

१९५८ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना वयाचे १०५ वे वर्ष चालू होते.

दुसऱ्याचे मत आपल्याला चुकीचे वाटले, तर आपण चटकन रागावतो. ते मत त्याच्या मनात कोणत्या अनुभवाने रुजले, हे पाहण्याचे कष्ट अण्णांनी घेतले. आणि मग त्यांनी लोकांच्या डोळ्यांसमोर नवा अनुभव उभा केला. त्यासाठी साठ-सत्तर वर्षे खपावे लागले, तरी ते थकले नाहीत.