रुबी मायर्सची सुलोचना

सुलोचना म्हटलं की आपल्या आई-वडिलांना सुलोचनादीदी आठवतात, सिनेमातली ती प्रेमळ आई. कोणाला लावणीवाल्या सुलोचना चव्हाण आठवतात. पण या दोघींच्या कितीतरी आधी आणखी एक सुलोचना होऊन गेली. मूकपटांच्या काळात ती आपल्या देशातली सगळ्यात गाजलेली नटी होती. तिचं खरं नाव रुबी मायर्स.

रुबीचा जन्म १९०७ सालचा, पुण्यातला. घराणं बगदादी ज्यू. पुण्याला कॅम्पात गेला असाल तर लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं 'लाल देऊळ' पाहिलं असेल. ते मंदिर नाही आणि चर्चही नाही. ते ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ आहे, डेव्हिड ससून यांनी बांधलेलं. कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणायचो, ते घरात मराठी बोलत. बगदादी मंडळी वेगळी, इराककडून व्यापारासाठी आलेली आणि इथे इंग्रजीकडे जास्त वळलेली.

रुबी टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करत होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात काम करायला विचारलं तेव्हा तिने चक्क नाही म्हटलं. अ‍ॅक्टिंगचा गंध नव्हता, आणि सिनेमात जाणारी बाई म्हणजे चांगल्या घरातली नाही, असाच समज होता. भवनानींनी पिच्छा सोडला नाही, शेवटी ती तयार झाली. १९२५ साली 'वीरबाला' आला.

आता हे लोक तिच्याच मागे का लागले? १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीसाठी त्यांना एकही बाई मिळाली नाही, शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाला साडी नेसवावी लागली. (हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला बघणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही, अशा मंडळ्यांत सीता पुष्कळदा मुलगाच असतो.) त्याच साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कामं केली, पण तो अपवाद होता. घरंदाज म्हणवणाऱ्यांच्या मुली यायला तयार नव्हत्या. मग ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली आल्या. त्या नोकऱ्या करायच्या, बाहेर वावरायच्या, आणि कॅमेऱ्याला गोरा रंग आवडायचा. फक्त नाव बदलायचं. रुबीची सुलोचना झाली, रेने स्मिथची सीतादेवी. हा काही मनाचा मोठेपणा नव्हता. जे काम आपल्या घरातल्या मुलीने करू नये असं वाटत होतं, ते दुसऱ्याच्या मुलीकडून करून घेतलं, आणि तिचं नाव मात्र आपलं ठेवलं. नाहीतर पोस्टरवर रुबी मायर्स लिहायला काय हरकत होती?

पण बाई जबरदस्त होती हे मान्य करावंच लागेल. 'टायपिस्ट गर्ल' आला, मग १९२७ मध्ये 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' आला, त्यात तिने एकटीने आठ सोंगं काढली. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोरगं, केळीवाली, एवढंच काय, सोनेरी केसांची युरोपियन बाईसुद्धा. म्हणजे हिंदू नावाची ज्यू मुलगी युरोपियन बाईचं सोंग घेते! १९२८ मध्ये अनारकलीवर एकाच वेळी दोन सिनेमे निघाले. एकात अनारकली सुलोचना, दुसऱ्यात सीतादेवी. मोगल दरबारातली नाचणारी एक ज्यू आणि एक अँग्लो-इंडियन. तिचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता असं अजूनही सांगतात.

मूकपटात सगळं चालून गेलं, कारण तोंड उघडायचं नव्हतं. १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला, आपला पहिला बोलपट. तो काढला होता अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीने, म्हणजे सुलोचना जिथे स्टार होती त्याच कंपनीने. पण हिरोइन झाली जुबेदा, सचिन संस्थानच्या नवाबाची मुलगी. तिला भाषा येत होती, रुबीला हिंदुस्तानी धड येत नव्हती. गंमत म्हणजे हिरो मास्टर विठ्ठल यांचंही उर्दू कच्चंच होतं, म्हणून सिनेमाभर त्यांना फारसं बोलू दिलं नाही असं म्हणतात. पुरुषासाठी रोल बदलला, बाईसाठी हिरोइन बदलली. मला तरी हे खटकतं.

आपल्या हॉस्टेलवर मराठी मीडियममधून आलेल्यांना यातलं दुःख लगेच कळेल. सबमिशन वेळेत, जर्नल टापटीप, पेपरही बरे, आणि व्हायव्हाला तोंड उघडायची वेळ आली की सगळं अडतं. कॉन्व्हेंटवाल्यांचं गॅदरिंगला मराठी बोलताना होतं, ते वेगळंच.

रुबी रडत बसली नाही. तिने वर्षभर काम थांबवलं आणि हिंदुस्तानी शिकली. १९३२ मध्ये 'माधुरी' घेऊन परत आली, तिच्याच जुन्या मूकपटाचा बोलपट. मग एकेक जुना सिनेमा तिने नव्याने, बोलून केला. १९२९ च्या 'इंदिरा बी.ए.'चा १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.' झाला (पाच वर्षं लागली म्हणजे एटीकेटी असणार). १९३५ मध्ये ती पुन्हा अनारकली झाली. स्वतःची रुबी पिक्स नावाची कंपनीसुद्धा काढली, आणि तिथे नाव रुबीच ठेवलं, सुलोचना नाही.

पण दिवस पालटत होते. सिनेमाला हळूहळू प्रतिष्ठा आली, शिकलेल्या घरांतल्या, गाणाऱ्या, भाषा येणाऱ्या मुली यायला लागल्या. आधी ज्यांच्याशिवाय चालत नव्हतं त्या मागे पडल्या. सुलोचनाबाईंना पुढे लहान लहान कामं मिळत राहिली. बगदादमध्ये जन्मलेली ज्यू नटी नादिरा त्यांच्यानंतर आली, तोपर्यंत हिशोब पूर्ण उलटा झाला होता. तसल्या चेहऱ्याला आता सिगारेट ओढणाऱ्या खलनायिकेचं काम मिळायचं, सती-सावित्रीचं नाही.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार सुलोचनाबाईंना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा. १० ऑक्टोबर १९८३ ला त्या मुंबईत गेल्या. त्यांच्या काळचे बहुतेक मूकपट आज शिल्लक नाहीत, त्यामुळे ती आठ सोंगं आपल्याला बघता येतील असं वाटत नाही. पण १९५३ चा 'अनारकली' मिळतो, लताबाईंच्या गाण्यांमुळे सगळ्यांना माहीत असलेला. त्यात अनारकली बीना राय आहे. सलीमच्या आईचं काम सुलोचनाबाईंनी केलंय. हॉस्टेलवर कोणी लावला तर गाणी संपल्यावर उठून जाऊ नका, ती आई बोलायला लागली की नीट ऐका.