चाळीसाचा फरक

हाताने खातेवह्या लिहिण्याच्या काळात मी बँकेत होतो. सहामाहीला बेरजा जुळेनात की रात्र रात्र बसायचे. फरक दोन-चार रुपयांचा असला तरी तो दडपण्याचा मोह होतो, आणि माणसाची पारख तिथेच होते. असाच एक न दडपलेला फरक फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एका कागदावर आहे. आकडा चाळीसाचा, अक्षर गॅलिलिओचे.

१५६४ साली पिसा येथे जन्मलेला हा एका संगीतकाराचा मुलगा. वैद्यकी शिकायला गेला, गणिताच्या नादी लागला आणि पदवी न घेताच परतला. १५९१ मध्ये वडील गेले. बहिणींच्या हुंड्याचा भार डोक्यावर आला. धाकट्या भावाने आपला वाटा उचलला नाही. पुढच्या वर्षी पादुआच्या विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली, पण पगारात भागेना. मग त्याने शिकवण्या धरल्या, घरी विद्यार्थी ठेवले, मोजमापाची उपकरणे करून विकली.

शिष्यांत लष्करी विद्या शिकणारे सरदारपुत्र असत. तोफेचा गोळा कोणत्या वाटेने जातो आणि किती जोराने आदळतो, हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न. एका वस्तूच्या दोन गती एकमेकींच्या आड येतात, असे जुने पंडित मानत. गॅलिलिओने ते तपासायचे ठरवले.

१६०८ च्या सुमारास त्याने उतरत्या फळीवरून गोळी सोडली. ती टेबलाच्या कडेवरून आडवी सुटे आणि पाऊण मीटरहून थोडी अधिक खाली जमिनीवर पडे. किती उंचीवरून सोडली म्हणजे किती लांब जाते, हे त्याने ‘बिंदू’ या बारीक मापाने मोजले. पहिल्या मापावरून पुढची गणिताने काढली. १००० बिंदूंवरून सोडलेली गोळी हिशेबाने १४६० वर पडायला हवी होती. पडली १५०० वर. त्याने दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी फरकही लिहिला : ४०.

फरक राहिला, पण तत्त्व हाती आले. आडव्या आणि उभ्या गतीची खाती वेगळी. आडवा वेग तसाच राहतो, उभा वेग पडता पडता वाढत जातो. आजच्या मापात पाहा. टेबल ८० सेंटीमीटर उंच आहे आणि गोळी सेकंदाला ३ मीटर वेगाने आडवी सुटली आहे. नुसती खाली सोडलेली गोळी जेवढा वेळ घेईल तेवढ्याच वेळात, म्हणजे सुमारे ०.४ सेकंदात, हीही जमिनीला लागेल. तोवर तिचा उभा वेग सेकंदाला जवळजवळ ४ मीटर झालेला असेल. मग आदळण्याचा वेग किती? सात नव्हे. दोन्ही दिशा काटकोनात आहेत, म्हणून पायथागोरसला बोलवायचे : ९ अधिक १६ म्हणजे २५, त्याचे वर्गमूळ ५. सेकंदाला ५ मीटर.

हे छापून यायला तीस वर्षे लागली. मध्ये १६०९ साली दुर्बीण हाती आली, कीर्ती आली आणि वैरही आले. पृथ्वी फिरते, या मताच्या बाजूने १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथावरून रोमच्या धर्मपीठाने खटला भरला. २२ जून १६३३ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, गुडघे टेकून त्याने आपले मत खोटे असल्याची शपथ घेतली, सही केली. चाळीस बिंदूही न लपवणाऱ्या माणसाला हे करावे लागले. त्याला भित्रा म्हणणारे आहेत. मला तो शब्द उच्चारवत नाही.

फ्लॉरेन्सजवळच्या अर्चेत्री गावी घरातच तो कैदी झाला. १६३४ मध्ये, जिच्यावर त्याचा फार जीव होता, ती जोगीण झालेली थोरली मुलगी गेली. त्याच घरात त्याने पादुआतले जुने काम पुरे केले. त्याचे काही छापायला बंदी होती. हस्तलिखित दूर हॉलंडात, लायडनला पोचले आणि १६३८ साली ग्रंथ निघाला. तीन मित्र चार दिवस बोलत बसतात. चौथ्या दिवशी गोळ्याची वाट आणि आदळण्याच्या वेगाचा तो काटकोनी हिशेब येतो. हवेच्या अडथळ्याने हिशेब थोडा चुकेल, हेही तिथे कबूल केले आहे. ग्रंथ निघाला तेव्हा गॅलिलिओला दिसेनासे झाले होते. ८ जानेवारी १६४२ रोजी तो गेला.

तो जुना कागद मात्र त्याने ग्रंथात घातला नव्हता. १९७३ साली स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाने तो उजेडात आणला. आकडे जागच्या जागी होते, आणि शेजारी चाळीसाचा फरकही.